पालखीच्या वाटेवरचं स्टेशन

सुहास हात धुवायला उठला. नळाखाली हात धरले, साबण लावला, समोरच्या आरशात स्वतःचं तोंड बघायचा कंटाळा आला म्हणून नजर जरा वर नेली, तर तिथे त्याच्या गावाचं नाव होतं. पिवळा पत्रा, काळी अक्षरं. निवेकोंड. मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. त्यातलं मराठी आणि हिंदी अक्षर न अक्षर सारखं, तरी दोनदा लिहिलेलं. खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. हॉटेलवाल्यांनी हौसेने रंगवून घेतलेला नकली पत्रा असेल म्हणावं, तर उजव्या कोपऱ्यात पोचा होता आणि तो पोचा सुहासच्या ओळखीचा होता. गाडी सुरू व्हायच्या आधी ही पाटी वीर स्टेशनाहून बैलगाडीत घालून आणली होती. उतरवताना जुवाचं टोक लागलं, आणि वडील बैलांना काही न बोलता पाटीलाच चार शब्द बोलले होते. नळ आपोआप बंद झाला. हातावर फेस तसाच राहिला. मागे उभा असलेला एक पोरगा म्हणाला, "अंकल, झालं का तुमचं?" सुहास म्हणाला, "झालं," आणि फेसाचे हात घेऊनच टेबलाशी परत आला.

टेबलाशी त्याची बायको अनुपमा आणि मुलगी समीक्षा बसल्या होत्या. समीक्षाला बढती मिळाली म्हणून तिने आईबापांना परळच्या जुन्या गिरणीच्या आवारातल्या ह्या हॉटेलात जेवायला आणलं होतं. इथे छत मुद्दाम पोपडे आलेलं ठेवलं होतं, आणि घरात ज्या खुर्च्या आपण माळ्यावर टाकतो त्या इथे बसायला दिल्या होत्या. "बाबा, हात काय असे?" समीक्षाने विचारलं. "आत आपली पाटी आहे," तो म्हणाला. "निवेकोंड स्टेशनची." समीक्षा मोबाइल घेऊन पळालीच. परत आली ती चेहरा फुलवून. "बाबा, कसलं भारी! आपलं गाव परळमध्ये!" अनुपमा म्हणाली, "भंगारातून उचलली असेल. हे लोक कुठून कुठून आणतात." मग समीक्षाने मॅनेजरला बोलावलं. हर्षद नावाचा तरतरीत मुलगा होता. "सर, ही पाटी आमच्याकडे सगळ्यात जास्त फोटोत येते," तो कौतुकाने म्हणाला. "पण असं स्टेशन खरंच होतं का हो?" सुहासने तोंड उघडलं. होतं म्हणायचं की आहे, ते त्याला ठरवता येईना. अट्ठावन्न वर्षांच्या माणसाला एवढंसं ठरवताना दम लागावा ह्याची त्याला लाज वाटली, आणि तो म्हणाला, "बघा ना, भाजी गार झालीय."

दमणूक काही आजची नव्हती. गेली दोन-तीन वर्षं ती अंगात मुरत चालली होती. सकाळी मोजे घालायला वाकलं की वाटायचं, आता असंच वाकून राहावं. ऑफिसात विम्याची प्रकरणं पुढ्यात यायची, कुणाचं दुकान जळालेलं, कुणाची गाडी पुरात गेलेली, आणि आधी ज्या गोष्टींनी त्याचा जीव हळहळायचा त्या आता नुसत्या डोळ्यांवरून सरकून जायच्या. डॉक्टरने साखर सांगितली, गुडघे सांगितले, चालायला सांगितलं. कुठे चालायचं ते मात्र सांगितलं नाही. आणि ह्यातच आदल्या दिवशी गावाहून आईचा फोन आला होता. तुळसाबाई फोनवर नेहमी ओरडून बोलायची, मुंबई लांब आहे म्हणून. "सुहास, औंदा शिमग्याला तू ये रे. धाकला भरत नाय म्हनतो. माझं पाय काय आता चालत नाय. ठेसनावर कुनी उभं रायलं नाय तर पालखी सहान सोडून जायल. गावकीत तसंच ठरलंय." तो म्हणाला होता, "बघतो." ती म्हणाली होती, "बघू नको. ये." आणि फोन ठेवून दिला होता. पाटी बघितल्यापासून ते "ये" त्याच्या कानात बसलं होतं. घरी परतताना टॅक्सीत समीक्षा त्या पाटीचे फोटो कुणाकुणाला पाठवत होती आणि सुहास डोळे मिटून भाताच्या एका शेतात उभा होता. ते शेत तर स्टेशनाच्याही आधीचं.

ते शेत वडिलांचं, रावजींचं. थोरलं निवं वर डोंगराला, धाकटं निवं खाली नदीला, आणि मधल्या सपाटीवर निवेकोंड, म्हणजे सुहासच्या भावकीची मोजकी घरं. शेताच्या मधोमध एक दगडी चौथरा होता, त्याला सहाण म्हणायचे. शिमग्याला सोमजाईची पालखी दोन्ही गावांतली घरं घेत फिरायची आणि वाटेत ह्या सहाणेवर टेकायची. तिथे ओटी, तिथे गाऱ्हाणं, तिथे घोटभर पाणी. वर्षभर त्या चौथऱ्यावर कुणी पाय ठेवायचं नाही, भात झोडायलाही नाही. मग वीरहून आत रेल्वेचा एक फाटा काढायचं ठरलं. पुढे डोंगर पोखरून गाडी घाटावर न्यायची, आंबेनळीच्या नागमोडी रस्त्याला कायमची रजा द्यायची, असं लोक छातीठोकपणे सांगायचे. स्टेशन कुठे, ह्यावरून थोरल्या आणि धाकट्या निव्यात अशी जुंपली की एकमेकांच्या लग्नाची जेवणं बंद झाली. स्टेशनाला नाव आमचंच पाहिजे, नाहीतर स्टेशनच नको. साहेब लोक येऊन येऊन थकले. शेवटी त्यांनी नकाशावर दोन्ही गावांच्या बरोबर मध्ये बोट ठेवलं आणि ते बोट रावजींच्या सहाणेवर पडलं. भांडले दोघे आणि नाव लागलं तिसऱ्याचं, निवेकोंड. त्या दिवशी दोन्ही निव्यांनी ते स्टेशन मनातून टाकलं. एसटी दोघांच्याही दारात उभी राहायची. स्टेशनाला मात्र दोघांनाही उन्हातून पायपीट. आपल्या नावाचं नाही त्या स्टेशनाला तंगडतोड करत कोण जाईल? स्टेशन बंद पडलं ते पुराने, असं सगळे सांगतात. सुहासला वाटायचं, पुराच्या कितीतरी आधी ते त्या एका भांडणातच बुडालं.

जमीन देताना रावजींनी एकच अट घातली होती. पालखी टेकते ती जागा पालखीला राहिली पाहिजे. साहेब हसून म्हणाला, राहील हो बाबा, देवाला कोण अडवतंय. सहाण फलाटाखाली गेली, आणि ती नेमकी कुठे गेली ते रावजींनी फलाटावर पिवळ्या रंगाचा ठिपका देऊन ठेवलं. पहिल्याच शिमग्याला खालूबाजा वाजत पालखी फलाटावर आली. स्टेशनमास्तर सोलापूरकडचा, त्याला काय कळणार? दर घरासमोर गुरव विचारतो, "कुनाचं घर?" आणि घरच्याने नाव सांगायचं असतं, जित्या माणसाचं, मेलेल्याचं नाही. मास्तर टोपी सावरत म्हणाला, "रेल्वेचं." गुरवाला तेही चाललं. त्याने हात जोडून गाऱ्हाणं घातलं की आई सोमजाई, ह्या रेल्वेच्या लेकराबाळांना, गुराढोरांना सुखी ठेव, तिच्या वाटेवर काटा येऊ देऊ नको. मास्तरने घाईघाईने नारळ फोडला. सुहास तेव्हा मुंबईहून आला होता, तिशीतला, नवीन नोकरीचा, आणि तो इतका हसला होता की पोट दुखलं. तो हसू शकायचा, ही गोष्ट आता टॅक्सीत बसून आठवताना त्याला दुसऱ्या कुणाची वाटली.

रावजी त्या गाडीत कधी बसले नाहीत. "माझ्याच शेतात पाय ठेवायला तिकीट काढू? खुळा हाय का मी?" बिनतिकीट बसा म्हटलं तर तेही नाही, चोरून कोण स्वतःच्या शेतातून जातो? ते महाडला एसटीने जायचे आणि गाडी शेजारून गेली की खिडकीतून तिला हात करायचे. पण रोज पहाटे फलाट मात्र तेच झाडायचे. रेल्वेने झाडायला माणूस ठेवला होता, रावजींनी त्याला चहाला बसवून ठेवलं. सहाणेवर केर बसलेला त्यांना चालायचा नाही. मग एका पावसाळ्यात भराव वाहून गेला, रूळ नदीच्या बाजूला लोंबकळत राहिले, दुरुस्ती करू म्हणाले आणि कुणी आलं नाही. मास्तर बदली होऊन गेला. दारं, खिडक्या, घंटा, एकेक वस्तू कुणाकुणाच्या घरी गेली. रावजी झाडत राहिले. पुढच्या शिमग्याला गुरवाने विचारलं, "कुनाचं घर?" तर रावजी म्हणाले, "रावजीचं." ते गेल्यावर तुळसाबाई उभी राहायला लागली, आणि तीही म्हणायची, "रावजीचं." रीतीप्रमाणे चुकीचं होतं. म्हातारीच्या तोंडाकडे बघून गुरव सोडून द्यायचा.

रात्री सुहासने भावाला फोन लावला. भरत त्याच्याहून सात वर्षांनी धाकटा, पोलादपूरच्या नाक्यावरून टमटम चालवायचा. "पाटी कोणी विकली?" सुहासने एकदम विचारलं.  मग भरत म्हणाला, "दादा, मला काय माहीत? तिथं रोज कोन जातो? मी जातो का तू जातोस?" सुहासचा आवाज चढला. वडिलांनी हाताने लावलेली पाटी, लोक तिच्याखाली तोंडं धुतात, तुला काही वाटत नाही का. भरत ऐकून घेत राहिला आणि शेवटी म्हणाला, "वाटायचं काम तुझ्याकडं हाय. माझ्याकडं आयेला दवाखान्यात न्यायचं काम हाय." पुढे तो थोडा नरमला. "गावाचं पन खरं हाय रे दादा. थोरल्या निव्यात निम्मी घरं बंद. तळीयेला दरड कोसळल्यापासनं डोंगराकडंला राह्याला लोक भितात, पोरं मुंबैला नायतर बदलापूरला. पालखी उचलायला खांदं मिळत नाय, त्यात उन्हाचा तो फेरा कशाला? देवळापाशी नवी सहान बांधू म्हनतात. दत्ताराम काका तर गेल्या सालीच भर गावकीत बोलला, पालखी घरांना लागते, सरकारी हापिसाला नाय. त्यावर मी काय बोलू?" दत्ताराम म्हणजे पालखीचा मानकरी.  भरतचं खरं होतं, आणि खरं ऐकून त्याला फक्त झोप आली.

तरी तो गेला. का गेला हे त्याने अनुपमालाही नीट सांगितलं नाही. ती म्हणाली, "गुडघ्यांचं तेल घे," आणि समीक्षा म्हणाली, "बाबा, मी हॉटेलवाल्यांशी बोलते, ती पाटी आपण परत आणूच." त्याने मान हलवली. महाडला उतरेपर्यंत तो पाटीचाच विचार करत होता. पाटी परत आली की ती फलाटावर लावायची, दत्तारामला दाखवायची, म्हणायचं बघ, हे स्टेशन आहे, ह्याला नाव आहे. ह्या विचाराने त्याला पुष्कळ दिवसांनी थोडी भूक लागली आणि त्याने स्टँडवर वडापाव खाल्ला. भरतची टमटम न्यायला आली.  उमरठकडे जाणारा रस्ता सुटला, सावित्रीचं पात्र उन्हात पांढरं पडलेलं दिसलं, पुलाच्या कठड्याला अजून पुरात अडकलेल्या चिंध्या होत्या. गावाशी आल्यावर सुहासला बंद घरं दिसायला लागली. कुलपं नवी, पितळी, चकचकीत. पालखी बंद घरासमोर थांबत नाही. भोई तिला जरा त्या दाराकडे कलती करतात आणि पुढे जातात. लागोपाठ काही वर्षं दार बंद दिसलं की कलतीही करत नाहीत. मग ते घर वाटेत उरत नाही. सुहासला एकदम स्वतःच्या मुंबईच्या दाराची आठवण आली. सातवा मजला, जाळीचा दरवाजा. त्या दारासमोर कुणी काही कलतं करेल असं त्याला वाटेना, आणि ह्या गोष्टीचं त्याला भयंकर वाईट वाटलं.

शिमग्याच्या दुपारी भरतने आईला टमटममधून भरावापर्यंत आणलं आणि तिथून दोघा भावांनी हाताची खुर्ची करून तिला फलाटावर नेलं. ती कापसासारखी हलकी झाली होती. स्टेशन म्हणजे आता तीन भिंती, निम्मं छप्पर आणि तिकिटाची खिडकी. रुळांच्या जागी करवंदाच्या जाळ्या. पण फलाट झाडलेला होता. "कोणी झाडला गो?" सुहासने विचारलं. "मी. काल आले हुते बसत बसत," ती म्हणाली. भरत चमकला, "आये, तू चालत आलीस?" "मंग काय इमानानं?" आणि तिने पिवळ्या ठिपक्याशी पाट मांडायला लावला. ठिपका ताजा रंगवलेला होता. ज्या खांबांवर पाटी होती ते दोन खांब नुसतेच उभे होते. सुहास त्यांच्याकडे बघत म्हणाला, "आई, पाटी कोणी चोरली ते मी शोधून काढणार. ती मुंबईत आहे. मी बघितली."

तुळसाबाईने ओटीचे तांदूळ निवडता निवडता मान वर केली. "चोरली कसली? मीच दिली."

"तू?"

"भंगारवाला आलेला. म्हटलं ही तेवढी उचलून ने बाबा. त्यो म्हनतो आजी, काय देऊ? म्हटलं काय नको, फकस्त ने."

  ती तांदळातला खडा काढून फेकत म्हणाली, "दत्ताराम गावकीत काय बोलला? हापिसाला पालखी लागत नाय. वर पाटी हाय ना सरकारची, म्हनून बोलला. आता बोल म्हनावं. घरावर गावाचं नाव कोन लिवतं रे? तुझ्या घरावर लिवलंय?" मग तिचा आवाज एकदम खाली आला. "ठेसन समद्यांनी सोडलं. घर मी सोडलं नाय. पन माझ्यानं आता व्हत नाय, सुहास. खरंच व्हत नाय." ती कधी असं बोलली नव्हती. सुहास तिच्याजवळ खाली बसला, गुडघे कडकडले, आणि त्याला कळलं की आपली दमणूक आणि हिची दमणूक ह्यांत फरक आहे. ही काहीतरी धरून धरून दमली होती. तो काहीच न धरता दमला होता. तेवढ्यात खिशात मोबाइल वाजला. समीक्षाचा निरोप होता: बाबा, हॉटेलवाले पाटी द्यायला तयार आहेत, आणू का? सुहासने तो दोनदा वाचला. मग उन्हात डोळे बारीक करून एका बोटाने लिहिलं, राहू दे तिथेच.

खालूबाजा आधी लांबून, मग करवंदांच्या पलीकडून वाजायला लागला. पालखी आली ती थोड्याच खांद्यांवर आली, त्यातले दोघे-तिघे म्हातारे. भरावाखालच्या वळणावर ती थांबली. तिथून एक वाट देवळाकडे जाते, एक फलाटाकडे. दत्ताराम पुढे होता, घामाने निथळलेला. त्याने वर बघितलं. नुसते खांब बघितले, झाडलेला फलाट बघितला, पाटावर बसलेली म्हातारी बघितली; तिच्या मागचे दोघे भाऊ त्याला खालून दिसले नसावेत. भोयांनी पालखी जरा कलती केली, बंद दाराला करतात तशी.  भरत त्याच्या शेजारी होता. तो हळूच म्हणाला, "दादा, गेली." आणि मग स्वतःच्याही नकळत भरतच दोन पावलं पुढे झाला आणि ओरडला, "ओ काका! हिकडं! मानसं हायत हिकडं!"

दत्ताराम तसाच उभा राहिला. मग त्याने हाताने खूण केली आणि पालखी वळली, भराव चढायला लागली. वर येताना एका म्हाताऱ्या भोयाचा पाय घसरला तसा भरत धावला आणि त्याच्या दांडीखाली त्याने स्वतःचा खांदा दिला. पालखी पिवळ्या ठिपक्यावर टेकली. वाजप थांबलं. गुरवाने रीतीप्रमाणे विचारलं, "कुनाचं घर?"

तुळसाबाईने तोंड उघडलं नाही. ती ओटीचं सूप मांडीवर धरून सुहासकडे बघत होती. सगळेच बघत होते. वडिलांचं नाव सुहासच्या जिभेवर तयार होतं, सोपं होतं, सगळ्यांनी सोडून दिलं असतं. जित्याचं नाव सांगायचं म्हणजे काय हेही त्याला लख्ख दिसत होतं. दर शिमग्याला हा प्रवास, हे ऊन, हे गुडघे, मेल्याशिवाय सुटका नाही. त्याला रडू येईल असं वाटलं. ते आलं नाही.

"माझं," तो म्हणाला. "सुहास रावजीचं."

गुरवाने हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं, की आई सोमजाई, ह्या सुहासच्या लेकराबाळांना, त्याच्या मुंबईच्या खोलीला, त्याच्या नोकरीधंद्याला सुखी ठेव. सुहासने नारळ फोडला. पाणी त्याच्या पायांवर उडालं. दत्ताराम पाण्याचा तांब्या तोंडाला लावून सावलीत टेकला आणि "बरं झालं बाबा," एवढंच म्हणाला. मग पालखी उठली, बाजा परत वाजायला लागला, भरत खांदा न सोडता तिच्याबरोबर भराव उतरून गेला. फलाटावर नारळाच्या शेंड्या, करवंट्यांचे तुकडे, फुलं आणि गुलाल पडला होता.

तुळसाबाईने सूप बाजूला ठेवलं, डोळे पदराने पुसले आणि त्या केराकडे बोट केलं.

"तिकिटाच्या खिडकीमागं केरसुनी हाय," ती म्हणाली. "कुठं ठेवते ती बघून ठेव."